वाचक पुस्तक परत करतो, पण त्याबद्दल बोलत नाही: त्याला बोलतं कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: तासगाव तालुक्यातल्या एका गावचं सार्वजनिक वाचनालय. ग्रंथपाल एकच, वेळ संध्याकाळची, पुस्तकांची देवघेव बऱ्यापैकी. टेबलावर अभिप्राय वही ठेवलेली आहे, पण तिच्यात ‘स्तुत्य उपक्रम’, ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि सह्या यापलीकडे काही सापडत नाही. वाचलेल्या पुस्तकाबद्दल लोकांनी चार ओळी लिहाव्यात, एकमेकांशी बोलावं, यासाठी काय करता येईल?

सुरुवात ती वही टेबलावरून उचलण्यापासून करा. तिच्या पहिल्या पानावर बहुधा उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची सही असते, खाली दोन-चार पदाधिकाऱ्यांचे शेरे. पुढचा माणूस वरचं वाचतो आणि तसंच लिहितो. शिवाय वही ग्रंथपालांच्या समोर उघडी, म्हणजे लिहिताना कुणीतरी बघतंय आणि उद्या सगळं गाव वाचणार. ज्यानं शाळा सुटल्यापासून अर्जाशिवाय काही लिहिलं नाही, त्याच्या मनात तीनच गोष्टी येतात: अक्षर बरं नाही, शुद्धलेखन चुकेल, आणि आपण कोण लागून गेलो पुस्तकावर बोलणारे. तो सही करून मोकळा होतो. भेट देणाऱ्यांसाठी वही असू द्या, पण कपाटात. महाबळेश्वरजवळच्या भिलारमध्ये २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तिथे पर्यटक येतात. तासाभरासाठी आलेल्या माणसानं ‘छान वाटलं’ लिहिलं तर ते योग्यच आहे. तुमचा वाचक पंधरा दिवस पुस्तक घरी ठेवून आलेला असतो. त्याला विचारायचं ते वेगळं.

लोक लिहीत नाहीत याची कारणं पुष्कळ सांगितली जातात: वाचनसंस्कृती गेली, मोबाइल आला, वगैरे. प्रत्यक्षात अडतं ते दोन ठिकाणी. उत्तर देता येईल असा प्रश्न कुणी विचारलेला नसतो, आणि आधी ज्यांनी लिहिलं त्यांना कुणी उत्तर दिलेलं नसतं. ही दोन कामं केलीत तर बाकीच्या युक्त्यांची फारशी गरज उरत नाही.

वहीच्या जागी चिठ्ठी आणा. ए-फोर आकाराच्या जाड कार्डशीटचे चार तुकडे केले की साधारण पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी होते. पंचवीस शीटमध्ये शंभर. झेरॉक्सचा पातळ कागद वापरू नका, तो पुस्तकात चुरगळतो आणि शाई मागे उमटते. वर एक प्रश्न, खाली पाच-सहा ओळी, तळाला ‘नाव (लिहायचं असेल तर)’ आणि ‘फळ्यावर लावली तर चालेल / नको’ अशी खूण (फळ्याचं पुढे सांगतो). यापेक्षा जास्त रकाने छापलेत की तो फॉर्म होतो, आणि फॉर्म म्हटलं की माणूस ‘नंतर भरतो’ म्हणतो. जागा मुद्दाम अपुरी ठेवायची. अख्खं कोरं पान बघून जो दबतो, तो पाच ओळी बघून लिहायला बसतो.

चिठ्ठी मुखपृष्ठाच्या आत खोचू नका, तिथली चिठ्ठी वाचण्याआधीच टेबलावर काढून ठेवली जाते. कादंबरी असेल तर साधारण एक तृतीयांश पानांवर एक आणि शेवटच्या पानाशी एक. पहिली फार महत्त्वाची आहे. बरेच वाचक पुस्तक अर्ध्यात सोडतात आणि तसं सांगायला लाजतात. ग्रंथपालांनी ‘वाचलंत का?’ विचारलं की मान हलवून पुस्तक परत देतात. म्हणून त्या चिठ्ठीवर सरळ छापा: ‘पुस्तक अर्ध्यात सोडलंत का? कोणत्या पानावर? का?’ अर्ध्यात सोडणं हा गुन्हा नाही, हे वाचनालयानंच छापून दिलं की लोक मोकळे होतात. आणि पुस्तकखरेदीच्या वेळी कार्यकारी मंडळाला या माहितीचा जितका उपयोग होतो तितका कौतुकाचा होत नाही.

आता प्रश्नांकडे. ‘पुस्तक कसं वाटलं?’ याचं उत्तर ‘छान’. ‘आपला बहुमोल अभिप्राय द्या’ याचं उत्तर सही. प्रश्न असा हवा की मिनिटभरात उत्तर सुचेल, दोन वाचकांची उत्तरं वेगळी येतील आणि उत्तर चुकण्याची भीती नसेल. पुस्तकागणिक प्रश्न बदलावा लागतो, हाच यातला खरा कष्टाचा भाग. सगळ्या पुस्तकांना एकच प्रश्न छापून टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. महिन्याला दहा पुस्तकं घ्या, तेवढ्यांचेच प्रश्न हातानं लिहा.

शेतीच्या पुस्तकाला विचारा: ‘यातलं काय आपल्या जमिनीत चालणार नाही?’ ज्यानं द्राक्षबाग केली आहे तो यावर गप्प बसत नाही. कौतुक करताना माणूस अडखळतो, पण कुणी चुकीचं सांगितलेलं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही. फवारणीचं प्रमाण, छाटणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या यांवर चिठ्ठ्या भरून येतात. पाककृतीच्या पुस्तकाला: ‘कुठलं प्रमाण बदलावं लागलं?’ आजाराच्या किंवा बालसंगोपनाच्या पुस्तकाला खासगी काही विचारू नका. ‘कोणता शब्द समजला नाही?’ एवढंच. कवितासंग्रहाला: ‘एक ओळ उतरवून द्या.’ कवितेवर मत मागितलं की लोक गांगरतात, ओळ उतरवणं जमतं, आणि कोणती ओळ निवडली यात मत येतंच. चरित्राला: ‘या माणसाचा कोणता निर्णय तुम्ही घेतला नसता?’ कादंबरीला: ‘शेवट बदलायचा झाला तर?’ किंवा ‘हे पुस्तक घरात कुणाला वाचायला द्याल, कुणाला देणार नाही?’ यातला दुसरा प्रश्न बायका आवडीनं सोडवतात आणि उत्तरं खुसखुशीत येतात.

टाळायचे प्रश्नही सांगून ठेवतो. ‘यातलं कोणतं पात्र गावातल्या कुणासारखं वाटतं?’ हा प्रश्न बैठकीत गमतीचा वाटेल. लेखी विचारलात तर भांडण विकत घ्याल. ‘या पुस्तकातून काय शिकलात?’ हा शाळेचा प्रश्न. त्याला शाळेचंच उत्तर येतं.

स्थानिक इतिहासाची पुस्तकं तुमच्या कपाटात असतीलच, आणि तिथे तुमच्या भागाकडे एक मोठं भांडवल आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये जुन्या साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रज सत्तेला समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारचा, मुलूख हाच: येडेमच्छिंद्र, कुंडल आणि हद्दीपलीकडे साताऱ्यातलं शेणोली. यावर जे छापून आलं आहे त्यात गावोगावच्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी नाहीत. तेव्हा अशा पुस्तकात चिठ्ठी ठेवा: ‘तुमच्या घरात ऐकलेलं यात काय राहून गेलं?’ ते दिवस पाहिलेली माणसं आता फार थोडी, पण आई-वडिलांकडून, आजोबांकडून ऐकलेलं सांगणारे घराघरात आहेत. चिठ्ठी पुरणार नाही, लोक वहीची पानं फाडून जोडतील. मात्र ही उत्तरं वाचल्याशिवाय फळ्यावर लावायची नाहीत. कोण कुणाचा खबऱ्या होता, कुणाचं घर कुणी दाखवलं, असली वाक्यं त्यात येणारच, आणि त्या घरांची नातवंडं आज त्याच गावात राहतात. अशी चिठ्ठी वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा आणि लिहिणाऱ्याला तसं समक्ष सांगा. फेकू नका.

चिठ्ठ्या ठेवल्या म्हणून पहिल्या दिवसापासून भरून येणार नाहीत. सुरुवातीला ग्रंथपालांनाच विचारावं लागेल, तेही तोंडी. पुस्तक परत घेताना, तारीख टाकता टाकता: ‘कुठं कंटाळा आला का हो?’ हा प्रश्न ‘आवडलं का?’पेक्षा दसपट चालतो, कारण तक्रार करायला परवानगी मिळते. समोरचा म्हणेल, ‘मधीच गंडलंय बघा, शेवट मात्र लय भारी.’ तेच शब्द चिठ्ठीवर उतरवा, वाचून दाखवा आणि विचारा, ‘हे लावू का फळ्यावर?’ बहुतेक जण हसून हो म्हणतात. शब्द सुधारू नका. ‘मधीच गंडलंय’चं ‘मध्यंतरी कथानकाची पकड सैल होते’ केलंत की तो माणूस पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही, आणि त्याची चिठ्ठी वाचणारे दहा जणही समजून चुकतील की इथं पुस्तकी बोलावं लागतं. शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच राहू द्या. मंडळात निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. लाल पेन आपोआप हातात येतं.

सगळ्यांना विचारत सुटू नका. दिवसाला दोन माणसं पुरेत, गर्दीची वेळ सोडून. रांग लागलेली असताना विचारलं की मागचे कुरकुरतात आणि पुढचा ‘छान’ म्हणून निघतो.

आणि पहिल्या चिठ्ठ्या बनावट लिहू नका. फळा रिकामा दिसू नये म्हणून काही ठिकाणी कार्यकर्तेच वेगवेगळ्या नावांनी दहा-बारा चिठ्ठ्या लिहून काढतात. गावात अक्षर ओळखलं जातं. मंडळाच्या सदस्यांनी स्वतःच्या नावानं, खरोखर वाचलेल्या पुस्तकावर लिहावं, आणि त्यातल्या दोघांनी तरी न आवडलेल्या पुस्तकाबद्दल लिहावं. फळ्यावर पहिल्या आठवड्यात नुसतं कौतुक दिसलं तर कौतुकच करायचं असतं असा नियम पडतो. अध्यक्षांनीच ‘पन्नास पानांनंतर मला झेपलं नाही’ असं लिहिलं, तर बाकीच्यांचं अर्धं ओझं उतरतं.

आता उत्तराचं काम. हे काम होणार नसेल तर आधीचं काहीही करू नका, कारण बिनउत्तराच्या चिठ्ठ्या आधीच्या वहीपेक्षा जास्त नुकसान करतात. प्रत्येक चिठ्ठीला आठवड्याच्या आत उत्तर, त्याच चिठ्ठीवर, वेगळ्या रंगाच्या शाईनं, खाली उत्तर देणाऱ्याचं नाव. ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ हे उत्तर नव्हे. तलाठी कार्यालयात ऐकून ऐकून लोकांना त्याचा अर्थ पाठ झाला आहे. कुणी पुस्तक मागितलं असेल तर ‘हो, पुढच्या खरेदीत’, ‘नाही, छपाईत नाही’ किंवा ‘यंदा अनुदानाचे पैसे संपले, पुढच्या वर्षीच्या यादीत पहिलं’ असं ठाम लिहा. स्पष्ट नकार चालतो. टोलवाटोलवी चालत नाही. कुणी प्रश्न विचारला असेल तर उत्तर शोधा, आणि येत नसेल तर चिठ्ठीखाली ‘हे कुणाला माहीत आहे?’ लिहून ती फळ्यावर लावा; आठवडी बाजाराच्या दिवसापर्यंत कुणीतरी सांगतंच. कुणी मत दिलं असेल तर ‘धन्यवाद’ लिहून थांबू नका. त्याच पुस्तकावर उलट मत असलेली चिठ्ठी शेजारी लावा, किंवा लिहा: ‘तुम्ही म्हणता तो मधला भाग अमुक जणांना सर्वांत आवडला, त्यांची चिठ्ठी खाली आहे.’ एका वाचकाची चिठ्ठी दुसऱ्या वाचकाला उत्तर देऊ लागली की ग्रंथपालांचं काम निम्म्यावर येतं. पण तिथपर्यंत पोचायला दोन-तीन महिने उत्तरं तुम्हालाच लिहावी लागतात, आणि बहुतेक वाचनालयं नेमकी याच टप्प्यावर ढिली पडतात. एकट्या ग्रंथपालावर हे टाकू नका. मंडळातल्या तिघांत आठवडे वाटून घ्या.

फळा लहान हवा. चार बाय तीन फुटांचा बस्स, आणि लावायचा वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळ, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. पेपर वाचायला येणारे बरेच जण पुस्तकाचे सभासदही नसतात, पण फळा तेच सगळ्यात बारकाईनं वाचतात आणि त्यातूनच काही सभासद होतात. एका वेळी पाच-सहाच चिठ्ठ्या. तीस लावल्या तर एकही वाचली जात नाही. आठवड्याला बदला, उतरवलेल्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका. त्या ज्या पुस्तकाबद्दल आहेत त्याच पुस्तकाच्या मागच्या खिशात ठेवा. पुढचा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा आधीच्याचं म्हणणं त्याच्या हाती येतं आणि तो त्याच्याखाली लिहितो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ असं एक सूत्र आहे. वर्षानुवर्षं न हललेली पुस्तकं हलवायला खिशातली एखादी तिखट चिठ्ठी सूचीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण त्या वाचनालयात कमी दिसतात पण वाचक म्हणून कमी नसतात. पुस्तक मुलगा किंवा नवरा नेतो-आणतो, वाचते घरची बाई. सभासद म्हणून नाव भलत्याचंच. टेबलावरची वही त्यांच्यापर्यंत कधी पोचतच नव्हती. पुस्तकातली चिठ्ठी पोचते. म्हणून चिठ्ठीवर ‘सभासद क्रमांक’ छापू नका, नाहीतर ‘माझं नाव नाहीये तिथं’ म्हणून ती कोरी परत येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. त्या वेळी वाण म्हणून पुस्तक देण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात चिठ्ठी घालून द्या आणि ती परत कुठे द्यायची तेही लिहा: अंगणवाडी, किराणा दुकान, जिथं रोज जाणं होतं तिथं.

मुलांच्या बाबतीत एकच सूचना. ‘सर्वोत्कृष्ट अभिप्राय’ स्पर्धा ठेवू नका. बक्षीस लावलं की मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून येतो, आणि शाळेनं सक्ती केली तर चाळीस मुलांचा एकच अभिप्राय. मुलांना चित्र काढू द्या, किंवा ‘मी लेखक असतो तर कोणाला वाचवलं असतं’ एवढं विचारा.

महिन्यातून एकदा बैठक घ्यायची असेल तर दहा-पंधरा माणसं, सतरंजीवर गोल बसलेली, माइकशिवाय. माइक हातात आला की आपल्याकडे माणूस बोलत नाही, मनोगत व्यक्त करतो. सुरुवातीला कुणीतरी पुस्तकातली तीन-चार पानं मोठ्यानं वाचावीत. श्रावणात पोथी ऐकायची सवय असलेल्या गावात हे परकं वाटत नाही, आणि ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही किंवा ज्यांना डोळ्यांमुळे वाचता येत नाही तेही बोलू शकतात. मग प्रश्न फक्त त्या पानांवर. विचारल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. शांतता सहन न होऊन आयोजकच उत्तर देऊन टाकतात, आणि मग सगळे ऐकायच्या भूमिकेत जातात. अध्यक्ष, प्राध्यापक, स्थानिक साहित्यिक यांनी शेवटी बोलावं. ज्या लेखकाचं पुस्तक आहे तोच समोर बसला असेल तर खरं मत येणार नाही हे गृहीत धरा. त्याला पुढच्या महिन्यात बोलवा. व्याख्यानानंतर ‘कुणाला प्रश्न आहे का?’ विचारून जी शांतता पसरते तिच्यावर उपाय सोपा आहे: व्याख्यान चालू असतानाच कोऱ्या चिठ्ठ्या फिरवा, संपायच्या पाच मिनिटं आधी गोळा करा आणि निवेदकानं वाचून दाखवा.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल विचारलं नाहीत, पण विचार येणारच. ग्रुपमध्ये बहुतेक जण फक्त वाचतात. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल मांडलेलं ढोबळ प्रमाण प्रसिद्ध आहे: नव्वद टक्के नुसते वाचणारे, नऊ टक्के अधूनमधून लिहिणारे, एक टक्का सतत लिहिणारे. शंभर जणांच्या ग्रुपमध्ये सतत बोलणारा एकच निघाला तर निराश व्हायचं कारण नाही. फक्त तो एकच सगळा ग्रुप व्यापणार नाही एवढं बघा. फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी रचना ठेवली तर ती नोटीस होते, सदैव मोकळा ठेवला तर सुप्रभात आणि राजकारण. मधला मार्ग: आठवड्यातून एका संध्याकाळी एक प्रश्न, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ग्रुप खुला, मग बंद. टाइप करायला कंटाळणाऱ्यांना आवाजी संदेश पाठवू द्या, मिनिटभराचा. त्यातलं चांगलं, विचारून, फळ्यावर आणा.

काय लावायचं नाही याचा नियम पहिल्या दिवशीच चिठ्ठ्यांच्या पेटीवर लिहा: पुस्तकाबद्दल काहीही, माणसाबद्दल नाही. लेखकाची जात, गावातल्या कुणाचं नाव, पक्ष हे आलं की चिठ्ठी फळ्यावर जात नाही. निनावी चिठ्ठी चालेल, नियम तिलाही तोच. चिठ्ठी अडवली तर लिहिणाऱ्याला बाजूला घेऊन कारण सांगा. गुपचूप गायब केलीत तर ‘विरोधात लिहिलं की काढतात’ अशी बोलवा होते आणि ती पुसायला वर्ष जातं. पुस्तकाची निंदा मात्र अडवू नका. ते पुस्तक मंडळाच्या माजी अध्यक्षांनी देणगी दिलेलं असलं तरी.

यश मोजायचं ते चिठ्ठ्यांच्या संख्येवर मोजू नका. संख्या वाढवणं सोपं आहे, शाळेत गठ्ठा वाटला की वाढते. दर महिन्याला दोनच गोष्टी बघा: दुसऱ्याच्या चिठ्ठीखाली किती जणांनी लिहिलं, आणि फळ्यावर आलेल्या पुस्तकाची पुढच्या महिन्यात किती वेळा देवघेव झाली. दुसरी गोष्ट देवघेवीच्या रजिस्टरमध्ये आयती मिळते.

सुरुवात कधी करायची, तर तुमच्याकडे जून ते ऑगस्टमध्ये. ऑक्टोबरच्या छाटणीला हात लागला की द्राक्ष उतरेपर्यंत बागायतदाराला चिठ्ठी लिहायला सवड नसते, आणि त्या दिवसांत कुणी लिहिलं नाही म्हणून उपक्रम फसला असं ठरवू नका. त्या काळात ग्रंथपालांनी तोंडी विचारून उतरवलेल्या चिठ्ठ्यांवर फळा चालू ठेवावा. पहिल्या महिन्याला दहा पुस्तकं, शंभर चिठ्ठ्या, एक पेटी, सुतळीनं बांधलेली दोन पेनं. पेन बांधायला विसरू नका.